उजव्या पायाचे ऐंशी

धावायचे बूट दारामागे होते. शेवटचे काढले तसेच, लेस न सोडता, एका टाचेने दुसरी टाच दाबून. ही माझी जुनी वाईट सवय. एक बूट उभा, एक आडवा. केर काढताना मी ते उचलायचे, खालची धूळ ओढून घ्यायचे आणि पुन्हा होते तसेच ठेवायचे, एक उभा, एक आडवा.

"आई, तू त्या बुटांकडे अशी बघतेस, जसे काही त्यांनी तुझे पैसे बुडवलेत," मुलगी एकदा म्हणाली.

"त्यांनी कुठले? मीच त्यांचं देणं लागते," मी म्हटलं. म्हणायला हसत म्हटलं.

मी शाळेत गणित शिकवते. वय ४८. धावायला लागले एकेचाळिसाव्या वर्षी, आणि पहिल्या दिवसापासून वही ठेवली. तारीख, अंतर, वेळ, पेस (म्हणजे एका किलोमीटरला लागलेली मिनिटं), सकाळी उठल्याउठल्या मोजलेली नाडी. सात वर्षांत तीन वह्या भरल्या. तिसऱ्या वहीतली शेवटची ओळ अशी: १९ ऑक्टोबर, रविवार, १२ किमी, ७६ मिनिटं, पेस ६:२०, नाडी ५८. शेरा: "मस्त!!" उद्गारचिन्हं दोन. त्याच रात्री थंडी वाजून ताप आला.

आजारपणाचं फार सांगत बसत नाही, कारण दुसऱ्याचं आजारपण ऐकण्याइतकं कंटाळवाणं काही नसतं. न्यूमोनिया निघाला. ताप गेला, औषधं संपली, खोकला मात्र मुक्कामाला राहिला. रात्री उबळ आली की उठून बसायचं आणि भिंतीला पाठ टेकून पहाटेची वाट बघायची. जी पहाट आधी माझी होती, तीच. खिडकीखालून कुणाच्या तरी धावत्या पावलांचा आवाज जायचा आणि मला, खरं सांगते, त्या माणसाचा राग यायचा.

पहिली चूक मी ३० नोव्हेंबरला केली. सहा आठवडे झाले होते. मी हिशोब मांडला होता की सहा आठवडे पुरे. कुठून आणला हा सहाचा आकडा, देव जाणे. सम संख्या, बरी दिसते. धावणाऱ्यांमध्ये एक ढोबळ नियम सांगतात: त्रास मानेच्या वर असेल, म्हणजे नाक चोंदलंय, थोड्या शिंका येतायत, तर हलकं धावलं तरी चालतं, मानेच्या खाली असेल, म्हणजे छातीत कफ, अंगात कणकण, ताप, तर घरी बसायचं. त्यातही अंगात ताप असताना धावणं हा मूर्खपणाचा कळस, कारण विषाणूचा संसर्ग हृदयाच्या स्नायूपर्यंत गेलेला असू शकतो आणि त्यावर ताण देणं जिवावर बेतू शकतं. हा नियम मला पाठ होता. नियम पाठ असून भागत नाही, तो वापरावा लागतो, हे वाक्य मी वर्गात आठवड्यातून दोनदा तरी म्हणत असेन. छातीत कफ घरघरत होता आणि मी घड्याळ बांधून निघाले.

ठरवले होते ५ किमी. पहिल्याच किलोमीटरला घड्याळाने नाडी १७८ दाखवली. एरवी त्याच रस्त्यावर, त्यापेक्षा बऱ्याच जास्त वेगात, ती १४५ च्या आसपास असायची. पेस होता ८:१०. मी घड्याळाकडे बघितलं, त्याच्यावर रागावले, आणि (हे लिहितानाही लाज वाटते) वेग वाढवला. सव्वादोन किलोमीटरला अशी उबळ आली की रस्त्याच्या कडेला गुडघ्यांवर हात ठेवून वाकले. दोन शाळकरी मुलं सायकल थांबवून विचारायला आली, "काकू, कुणाला बोलवू का?" माझ्या शाळेतली नव्हती, एवढंच त्यातलं समाधान. त्यानंतर आठवडाभर पुन्हा अंथरूण.

डॉक्टर ओरडले नाहीत. त्यांनी फक्त विचारलं, "घाई कशाची आहे तुम्हाला?" मला उत्तर देता आलं नाही. कुठली स्पर्धा नव्हती, पदक नव्हतं, कुणी वाट बघत नव्हतं.

मग त्यांनी मला समजेल अशा भाषेत सांगितलं. व्यायाम थांबला की रक्तातला पाण्याचा भाग लवकर घटतो, अगदी पहिल्या दोन-तीन आठवड्यांतच. हृदयाच्या एका ठोक्याला बाहेर पडणारं रक्त कमी झालं की तेवढंच काम करायला ठोके जास्त लागतात. गुणाकार तोच, एक संख्या लहान झाली की दुसरी मोठी. हे ऐकून मला एकदम बरं वाटलं. १७८ हा माझ्या चारित्र्यावरचा शेरा नव्हता तर. साधा गुणाकार होता.

पण डोक्याला समजलं म्हणून पाय उठत नाहीत. डिसेंबर गेला. सकाळी सहाला बाहेर अंधार, थंडी, आणि पांघरुणाच्या आत मी. थंड हवेने खोकला सुरू होतो हे कारण खरंच होतं. जोरात धावताना आपण तोंडाने श्वास घेतो, थंड हवा कोरडी असते, ती श्वासनलिकेच्या आतलं अस्तर सुकवते आणि काहींच्या नळ्या आकसतात. माझ्या आकसत होत्या. डॉक्टरांनी त्यासाठी काही दिवस निघण्याआधी घ्यायचा पंप दिला (मला तपासून, मला दिला, हे वाचून कुणी उसना घेऊ नये), नाकातोंडावर पातळ रुमाल बांधायला सांगितला, आणि आधी दहा-पंधरा मिनिटं भरभर चाल म्हणाले. म्हणजे जानेवारीत माझ्याकडे उपाय होता. तरी मी गेले नाही. कारण संपलं आणि मी उरले.

धावण्याच्या अॅपवर रोज सकाळी सूचना यायची: तुमची साखळी तुटली आहे, आजपासून पुन्हा सुरुवात करा! एका मित्राने चेकोस्लोव्हाकियाचा लांब पल्ल्याचा धावपटू एमिल झाटोपेक याची गोष्ट पाठवली. १९५० साली ब्रसेल्सच्या युरोपियन अजिंक्यपद स्पर्धेआधी तो अन्नातून विषबाधा होऊन रुग्णालयात पडला होता, आणि तिथून उठून येऊन त्याने ५,००० आणि १०,००० मीटर दोन्ही जिंकल्या. खरी गोष्ट आहे, थोर माणूस. मी ती गोष्ट पांघरुणात वाचली आणि कूस बदलून झोपले. पाठवणाऱ्याचा हेतू चांगला होता, पण आजारातून उठलेल्या माणसाला झाटोपेक पाठवू नये. तो झाटोपेक होता. मला माझ्यासारखी कुणीतरी हवी होती, जी उठली, चार पावलं चालली आणि परत आली.

मला नेमकं काय अडवत होतं, ते एका रात्री वह्या चाळताना कळलं. उपमुख्याध्यापिकांना द्यायचे गुणतक्ते करत होते, कंटाळा आला म्हणून कपाटातून धावण्याच्या वह्या काढल्या. पहिलीपासून वाचत गेले. पहिल्या वहीत पेस आहे ९:४०. शेरा: "न थांबता ६ मिनिटं! विश्वास बसत नाही." तेव्हा ९:४० ने आनंद झाला होता, आणि आता ८:१० दिसलं तर मी घड्याळावर रागावले. आकडा आधीपेक्षा बरा, मन आधीपेक्षा वाईट. मग लक्षात आलं की मला थंडीची भीती नाही, खोकल्याचीही तितकीशी नाही. १९ ऑक्टोबरच्या ओळीखाली दुसरी ओळ लिहायची मला भीती वाटते. लिहिली की किती गेलं ते कायमचं कागदावर येणार. धावायला गेलेच नाही तर निदान वहीत शेवटची ओळ "मस्त!!" अशी राहते.

परीक्षेला न बसणारी मुलं मी पंचवीस वर्षं बघत आले आहे. "बाई, पोटात दुखतंय." त्यांचं पोट खरंच दुखतं, हे मला त्या रात्री पटलं.

दुसऱ्या दिवशी मी तीन गोष्टी केल्या. अॅप काढून टाकलं. घड्याळ मुलीच्या मनगटावर बांधलं. ("मला कशाला? मी धावत नाही." "म्हणूनच.") आणि शाळेच्या दुकानातून साधी चाळीस पानी वही घेतली. तीन रकाने आखले: किती, निघताना, आल्यावर. तारीख कडेला. अंतर नाही, वेळ नाही, पेस नाही.

"किती" म्हणजे काय, ते सांगते. आकड्यांशिवाय मला श्वासही घेता येत नाही, त्यामुळे काहीतरी मोजणं भाग होतं, फक्त जुन्या वहीशी ताडून बघता येणार नाही असं. रन-वॉकची पद्धत मला माहीत होती. १९७२ च्या ऑलिम्पिकमध्ये १०,००० मीटर धावलेल्या जेफ गॅलोवे यांनी नवख्यांना शिकवताना ती रुजवली: दमायच्या आधीच, ठरवून, चालायचं. दमल्यावर नव्हे, आधी. मी ही पद्धत सात वर्षं "नवशिक्यांची" म्हणून टाळली होती. आता घेतली. मिनिट कसं मोजायचं? माझी पावलं मिनिटाला साधारण १६० पडतात, म्हणजे उजवा पाय ८० वेळा. उजवा टेकला की एक. ऐंशी झाले की चाल. चालताना श्वास नाकाने घेता यायला लागला, एखादं पूर्ण वाक्य न तुटता बोलता आलं, की पुढचे ऐंशी. मी वाक्य म्हणून पायथागोरसचं प्रमेय म्हणायचे. रस्त्यात कुणी भेटलं तर काय वाटलं असेल याचा विचार सोडून दिला होता.

१ फेब्रुवारी, रविवार. १९ ऑक्टोबरपासून बरोबर १०५ दिवस, पंधरा आठवडे. आधी पंधरा मिनिटं चालले, रुमाल बांधून. मग ऐंशी. साठाव्या पावलाला पोटऱ्या कडक, सत्तराव्याला घशात खवखव, ऐंशीला थांबले. एवढंच? एवढंच. असे सहा ऐंशी केले आणि घरी आले. वहीत लिहिलं: किती: ६. निघताना: नको वाटत होतं. आल्यावर: बरं.

"मस्त" लिहायचा मोह झाला होता. आवरला.

या सुमारास एका जुन्या प्रयोगाबद्दल वाचलं, आणि झाटोपेकच्या उलट, हा मला उपयोगी पडला. १९६६ साली डॅलसमध्ये विशीतल्या पाच निरोगी तरुणांना तीन आठवडे अंथरुणात पडून राहायला लावलं. उठले तेव्हा त्यांच्या शरीराची प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता पाव भागाहून जास्त घसरली होती. तीस वर्षांनी त्याच पाच जणांना पुन्हा बोलावलं, आता सगळे पन्नाशीला टेकलेले, वजन वाढलेले. त्यांची पुन्हा मोजणी केली तर असं दिसलं की तीस वर्षांच्या वयाने जेवढं नेलं, त्याहून जास्त त्या तीन आठवड्यांच्या अंथरुणाने नेलं होतं. पण पुढे सहा महिने हळूहळू वाढवत नेलेला व्यायाम केल्यावर ते विशीतल्या मूळ पातळीला परत आले. पाच माणसं म्हणजे नमुना फारच लहान, हे माझ्यातल्या बाईंनी लगेच बजावलं. पण मी तर एकच माणूस आहे. अंथरूण किती नेतं याचा धक्का बसला आणि सहा महिने हा आकडा मला आवडला. सहा आठवड्यांसारखा मनाने काढलेला नव्हता.

माझ्या सकाळच्या सोबतिणी दोघी. त्या दोघी आता माझ्या बऱ्याच पुढे, आणि त्यांना माझ्यासाठी रेंगाळायला लावणं मला जमलं नसतं. मी त्यांचे फोन टाळत होते. त्यातल्या एक ताई, वय ६१, गुडघ्यामुळे बुधवारी फक्त चालतात. त्यांनी फोनवरून नाही, सरळ घरी येऊन विचारलं, "अगं, बुधवारी येशील का? मला कंटाळा येतो एकटीला." मला सोबत हवी असं त्या म्हणाल्या नाहीत. त्यांना हवी असं म्हणाल्या. मी गेले. त्या चालल्या, मी त्यांच्यापुढे ऐंशी धावायचे आणि परत फिरून त्यांना गाठायचे, मालकाबरोबर फिरायला आलेल्या कुत्र्यासारखी. त्या हसत होत्या. बऱ्याच महिन्यांत मीही धावताना हसले. चौथ्या बुधवारी त्यांनी सहज सांगितलं की दोन वर्षांपूर्वी गुडघ्याची शस्त्रक्रिया झाल्यावर त्या तीन महिने बूट पलंगाखाली ढकलून बसल्या होत्या. "दिसायला नकोत म्हणून." तेव्हा आम्ही दोघी रोज भेटत होतो. मला पत्ताच नव्हता.

चार आठवड्यांत बारा वेळा गेले. रविवार, बुधवार, शुक्रवार. बारा ओळी झाल्यावर वहीची बेरीज केली, केल्याशिवाय राहवेना. "निघताना" च्या रकान्यात "जावंसं वाटतंय" या अर्थाचं काही तीनच वेळा होतं. उरलेल्या नऊ वेळा "नको", "कंटाळा", "थंडी", त्यातच एकदा नुसती आडवी रेघ. "आल्यावर" च्या रकान्यात दहा वेळा "बरं" किंवा त्याहून चांगलं. मी जानेवारीभर पलंगावर बसून मधल्या रकान्यातल्या "हो" ची वाट बघत होते. तो येतो तेव्हा कधी येतो, तर बारातून तीनदा. उजव्या रकान्यातला "हो" मात्र गेल्याशिवाय मिळत नाही. मुलीला तक्ता दाखवला. ती म्हणाली, "आई, हे सगळ्यांना माहीत असतं." असेल. मला आकड्यांत बघावं लागलं.

मार्चमध्ये पाय घसरला, शब्दशः नाही. श्वास भराभर सुधारत होता. ऐंशीचे एकशे साठ झाले, मग दोनशे चाळीस. खोकला गेला. सकाळची नाडी (ती मोजायची सवय सुटली नाही, फक्त वहीत लिहीत नाही) आजारानंतर ७४ होती, ती ६५ वर आली. मग एके दिवशी चालायचे टप्पे आज घ्यायचेच नाहीत असा विचार करून सलग पंचवीस मिनिटं धावले. छाती तयार होती. पोटरी नव्हती. हृदय-फुप्फुसं लवकर सावरतात, स्नायूंना हाडांशी बांधणाऱ्या दोऱ्या मात्र सावकाश, हेही मला पाठ होतं. वर्गातलं ते वाक्य पुन्हा लिहीत नाही.

पाच दिवस विश्रांती. हे पाच दिवस त्या १०५ पेक्षा जड गेले. आधी जायचं नव्हतं आणि जात नव्हते. आता जायचं होतं. दुसऱ्या दिवशी मी चिडचिड करत होते, तेव्हा नवरा चष्म्यावरून बघत म्हणाला, "म्हणजे आजार बरा झाला म्हणायचा."

पोटरी सुटली. टाच पायरीच्या कडेवरून खाली सोडायची आणि वर उचलायची, हा व्यायाम आता रोज दात घासताना करते. पंधरा एका पायाने, पंधरा दुसऱ्या. परत चालायचे टप्पे घेतले. आता साधारण चाळीस मिनिटं बाहेर असते, त्यातली तीस धावण्याची असावीत. अंतर माहीत नाही. म्हणजे, काढायचं म्हटलं तर काढता येईल, रस्ता ओळखीचा आहे. दोनदा मनातल्या मनात भागाकार सुरू झाला होता. पायथागोरस म्हणून थांबवला.

परवा मुलीने घड्याळ पुढे केलं. "घे बाई तुझं. मला रोज सांगतं की मी आज पुरेशी चालले नाही." मी घेतलं आणि टेबलाच्या खणात ठेवलं, तिसऱ्या वहीवर. त्या वहीत १९ ऑक्टोबरखालची ओळ अजून कोरी आहे. ती भरायची का नाही ते ठरवलेलं नाही. सहा महिने जुलैअखेर होतात.

उद्या रविवार. गजर साडेपाचचा आहे. "निघताना" च्या रकान्यात उद्या काय लिहावं लागेल ते मला आत्ताच माहीत आहे, म्हणून ते लिहूनच टाकलं: नको. बूट दाराशी आणून ठेवलेत, दोन्ही उभे. हल्ली एक काम रात्रीच करून ठेवते, सकाळी अंधारात थंड बोटांनी करायला लागू नये म्हणून. दोन्ही लेसच्या गाठी सोडून ठेवते.